साखर रेजीनच्या हातची

“…पण माझं चुकलं काय, फादर?”

फादर इनास पाठमोरे उभे होते. ओट्यावर ताटात शिळे पाव होते. ते एकेक पाव हातात घ्यायचे, त्याचे तुकडे करायचे आणि भांड्यात टाकायचे. त्यांचे हात थरथरत, त्यामुळे निम्मा चुरा ओट्यावर पडत होता.

“फादर, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकतोय.”

वसईकडच्या एका गावात, चर्चच्या मागे, दोन खोल्यांच्या घरात हे म्हातारे धर्मगुरू एकटेच राहत. उभी हयात त्यांनी धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवण्यात घालवली होती. आता निवृत्त झाले होते आणि हौसेने स्वयंपाक करू लागले होते. स्वयंपाक त्यांना येत नसे. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी पुढे केलेली बशी कोणी नाकारत नसे.

विचारणारा होता फादर मेल्विन. त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. परदेशात जाऊन धर्मशास्त्र शिकून आलेला, आणि योगायोगाने याच गावात सहायक धर्मगुरू म्हणून नेमलेला. त्याचं प्रवचन ऐकायला शेजारच्या गावातले लोक येत. हे त्यालाही माहीत होतं.

आज सकाळी मात्र त्याच्या तोंडावर एका बाईने दार लावून घेतलं होतं.

“काय म्हणालास तू कातरीनला?” फादर इनासनी विचारलं.

“जे म्हणायचं तेच. म्हटलं, कातरीनबाई, शोक करू नका. तुमच्या बहीण आता याहून चांगल्या घरी गेल्यात.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, ‘याहून म्हणजे? माझ्या घरात काय वाईट होतं तिचं?’”

म्हाताऱ्याचे खांदे हलले. खोकला असेल.

“हसू नका, फादर.”

“नाही हसत. पुढे?”

“मी समजावलं. म्हटलं, तसं नव्हे. तिथे दुखणं नाही, म्हातारपण नाही, अश्रू नाहीत…”

“आणि?”



“त्या म्हणाल्या, ‘आणि मीही नाही.’… मग दार लावलं.”

फादर इनासच्या हातातला पाव तसाच राहिला. 

कातरीन आणि रेजीन. दोघी बहिणींनी लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर वाडीतल्या त्या लहानशा घरात दोघीच राहिल्या, म्हाताऱ्याही तिथेच झाल्या. गावात कोणी नुसतं ‘कातरीन’ म्हणत नसे, नुसतं ‘रेजीन’ म्हणत नसे. ‘कातरीन-रेजीनकडे जाऊन येतो’ असं म्हणत. आता रेजीन गेली होती. मातीला सगळं गाव आलं होतं. त्यानंतर कातरीन घराबाहेर पडली नव्हती.

“सांगा ना, फादर,” मेल्विन म्हणाला. “माझ्या बोलण्यात एक तरी शब्द चुकीचा होता का? तुम्हीच शिकवलंत मला हे.”

“दूध तापव.”

“अं?”

“फ्रीजमध्ये आहे. उतू नको घालवू.”

मेल्विनने दूध तापवलं. लोणी घातलं. सांगितलं तशी अंडी फोडून फेटली. मग फादर इनासनी त्याच्यापुढे खलबत्ता ठेवला आणि दालचिनीच्या काड्या टाकल्या.

तो कुटू लागला. भांड्यांचं कपाट हादरायला लागलं.

“मेल्विन.”

“काय?”

“दालचिनीने काय बिघडवलंय तुझं?”

मेल्विनने हात आवरला. खोलीत वास पसरला होता, उष्ण, गोडसर. त्याने पूड दुधात टाकली, अंडी ओतली, सगळं मिश्रण पावावर घातलं. पावाचे तुकडे वर तरंगायला लागले. त्याने चमचा घेतला आणि एकेक तुकडा खाली दाबायला सुरुवात केली.

“दाबू नकोस.”

“लवकर भिजेल, फादर.”

“भिजेल. लगदाही होईल.”

“मग काय करू?”

“बस.”

मेल्विन बसला. समोर भांडं. पलीकडे फादर इनास, डोळे अर्धवट मिटलेले.

कुठेतरी विहिरीवरचा पंप सुरू झाला, बंद पडला.

“मी पुन्हा जाईन त्यांच्याकडे,” मेल्विन म्हणाला. “या वेळी दुसऱ्या बाजूने सुरुवात करतो. आधी दुःखाचा अर्थ सांगायचा, मग…”

“भिजला का बघ.”

“…हो. भिजलाय.”

“छान.”

मेल्विन उठला, फळीवरून साखरेचा डबा काढला. “साखर किती घालू?”

“मला नाही ठाऊक.”

“अंदाजे सांगा.”

“माझा अंदाज कधी बरोबर आलाय?” फादर इनास उठून काठी शोधू लागले. “सणाला त्या दोघी पुडिंग करायच्या. तू खाल्लेलं नाहीस. लोक मिस्सा संपायच्या आधी मागच्या बाकांवरून उठून त्यांच्याकडे रांग लावायचे. सणाला मी सेमिनरीतून इथे यायचो, वेदीवरून बघायचो… राग यायचा मला. मग मीही जायचो.” काठी दाराआड सापडली. “चल. विचारून येऊ.”

“कुणाला?”

“कातरीनला.”

मेल्विनने डबा खाली ठेवला. “मी येणार नाही.”

“मग भांडं कोण उचलेल?”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते. ते मुद्दाम थरथरवत नव्हते, पण लपवतही नव्हते.

मेल्विनने भांडं उचललं.

“आणि वाटेत काही रचू नकोस,” काठी टेकत फादर इनास म्हणाले. “दूध सांडेल.”

वाट केळीच्या वाडीतून जात होती. अरुंद आणि खडबडीत. भांडं काठोकाठ भरलेलं. मेल्विन मनातल्या मनात म्हणू लागला, ‘कातरीनबाई, सकाळी माझ्या बोलण्याचा…’ आणि पाय दगडावर पडला, दूध हिंदकळलं, झग्याच्या बाहीवर सांडलं. त्याने पुन्हा वाक्य जुळवलं. पुन्हा सांडलं. शेवटी त्याने दुधाकडेच बघत चालायला सुरुवात केली.

कातरीनचं दार अर्धवट उघडं होतं. ती उंबऱ्याच्या आत बसली होती, केस न विंचरलेले, हात मांडीवर. आधी तिला फादर इनास दिसले, आणि ती उठायला गेली. मग मागे मेल्विन दिसला.

“हे परत आले?”

“भांडं उचलायला आणलाय त्याला,” फादर इनास म्हणाले.

“कसलं भांडं?”

“पुडिंग. कच्चं आहे अजून. साखर घालायची राहिलीय.” ते दम घ्यायला थांबले. “किती घालू, सांग.”

 कातरीन लंगडत, हळूच भांड्याशी आली. बोट बुडवलं. एक तुकडा उचलून पाहिला.

“पाव किती मोठे मोठे तोडलेत.”

“त्याने तोडले.”

मेल्विनने तोंड उघडलं… आणि मिटलं.

“आणि दालचिनी?”

“तीही त्यानेच कुटली.”

तिने बोट चाटलं. “ती बरी आहे.”

या वयात, एवढ्या पदव्या पदरात असताना, दालचिनी बरी कुटली म्हणून आपल्याला बरं का वाटावं, हे मेल्विनला कळलं नाही. पण वाटलं खरं.

“आत या,” कातरीन म्हणाली. “दारात उभं राहून काय सांगू.”

स्वयंपाकघरात चूल थंड होती. शेजारणींनी आणून दिलेले डबे ओळीने ठेवलेले होते, झाकणंही न उघडलेले. टेबलाशी दोन स्टुलं. एकावर घडी घातलेलं लुगडं होतं. ते स्टूल सोडून फादर इनास खिडकीच्या कट्ट्यावर बसले. मेल्विन उभाच राहिला.

कपाटावर जुन्या चादरीखाली गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला.

“काढू?” मेल्विनने विचारलं.

“काढा.”

त्याने ओव्हन उतरवला, पुसला, टेबलावर ठेवला. कातरीनने भांडं जवळ ओढलं, पावाचे मोठे तुकडे हाताने मोडले. मोडताना पुटपुटत होती. तिच्या बोटांना सवय होती. हात आपोआप चालत होते. मग तिने साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं.

आणि थांबली.

“किती, कातरीन?” फादर इनासनी विचारलं.

तिने डब्यात हात घातला, रिकामाच बाहेर काढला.

“कातरीन…”

“मला माहीत नाही.”



“साखर रेजीन घालायची,” ती म्हणाली. “पाव मी भिजवायची. दूध, अंडी, सगळं मी. साखर तिच्या हातची. चमचा नाही, वाटी नाही. अशी मुठीने घालायची आणि गाणं म्हणायची. मी कधी बघितलंच नाही, फादर… कशाला बघायचं? ती होती ना.”

डबा तिच्या हातात उघडा होता.

मेल्विनच्या ओठांवर वाक्यं आली. एक नाही, कितीतरी. सगळी चांगली होती, सगळी खरी होती. त्याने फादर इनासकडे पाहिलं. ते खिडकीत ठेवलेल्या वाटीतल्या मनुकांचे देठ काढण्यात गुंग होते.

कातरीन त्याच्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही.

“तुम्ही तर एवढं शिकून आलात. तुम्ही सांगा किती.”

“मला नाही माहीत,” मेल्विन म्हणाला.

हा त्याचा प्रवचनातला आवाज नव्हता. त्यालाच तो ओळखीचा वाटला नाही.

“मला नाही माहीत, मावशी.”

ती त्याच्याकडे बघत राहिली.  मग तिने डबा त्याच्यापुढे धरला.

“घाल.”

“मी?”

“माझ्याने नाही होणार. घाल तू. चुकली तर ओरडेन.”

सकाळचं ‘तुम्ही’ कुठे गेलं, ते तिच्या ध्यानात आलं नाही. मेल्विनच्या आलं. त्याने मूठ भरली, घातली.

“आणखी.”

घातली.

“आणखी थोडी… बस. बस म्हटलं ना रे!”

“थांबलो, मावशी.”

ओव्हन सुरू झाला. तिघेही काचेकडे बघत राहिले. हळूहळू वास यायला लागला. आधी दुधाचा, मग लोण्याचा, मग दालचिनीचा. तो स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत गेला, अंगणात गेला. कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली आणि परत गेली.

कातरीनने पदराने तोंड पुसलं.

“एक मुलगा आला होता रेजीनला बघायला,” ती अचानक म्हणाली.

 “कुठला?” मेल्विनने विचारलं.

“पलीकडच्या गावचा. चांगला होता. आगबोटीवर नोकरी. आईला पसंत, वडिलांना पसंत. माझा हा पाय लहानपणापासून असा. मला कोण बघायला येणार? म्हटलं, हिचं तरी होऊ दे. मी पुडिंग केलं त्या दिवशी. साखर घालायला तिला हाक मारली.”



“मग?”

“मुलाने एक घास घेतला. आणि पाणी मागितलं. मग आणखी पाणी मागितलं. मीठ घातलं होतं तिने. मूठभर.”

फादर इनास हसले. या वेळी खोकला नव्हता.

“सगळे गेल्यावर मी विचारलं, का गं? म्हणाली, ‘हात चुकला.’” कातरीन ओव्हनच्या काचेकडे बघत होती. “हात चुकत नसे तिचा. कधीच नाही… मी पुन्हा विचारलं नाही. तिने पुन्हा सांगितलं नाही. झालं, जन्म गेला.”

  मेल्विनने कोपऱ्यातला पाट पुढे सरकवला, म्हणजे तिला पाय नीट टेकता येईल.

“काढ आता,” ती म्हणाली.

“मधे हलतंय अजून.”

“हलू दे. बाहेर आपोआप बसतं ते. काढ.”

त्याने काढलं. वरचा थर तांबूस झाला होता, कडा जराशा करपल्या होत्या. कातरीनने तीन बशा घेतल्या. जरा विचार करून चौथी घेतली. चौथीत एक तुकडा ठेवला, वर वाटी उपडी घातली, आणि ती बशी लुगड्याच्या स्टुलासमोर सरकवली. 

तिने पहिला घास खाल्ला. मेल्विन तिच्या तोंडाकडे बघत होता. परीक्षेच्या निकालाची त्याने कधी इतकी वाट पाहिली नव्हती.

“फार गोड झालंय,” ती म्हणाली.

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” तिने दुसरा घास घेतला. “रेजीनने हाकलून दिलं असतं तुला.”

आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती खात राहिली. पुसत नव्हती, थांबत नव्हती, हुंदकाही देत नव्हती. नुसती खात होती आणि रडत होती.

मेल्विनचा हात सवयीने वर गेला, आशीर्वादाला जातो तसा. अर्ध्यातच थांबला. मग त्याने तांब्या उचलला, तिच्या पेल्यात पाणी ओतलं, पेला तिच्या हाताजवळ ठेवला.

ती पाणी प्यायली.

“ती कुठे असेल रे?” तिने विचारलं.

मेल्विनने तांब्या खाली ठेवला.

“सांग ना. सकाळी तर ठाऊक होतं तुला.”

“सकाळी ठाऊक होतं, मावशी,” तो म्हणाला.

कातरीनने मान वर केली. त्याच्या बाहीवर सुकलेलं दूध होतं, ओठाला दालचिनी लागली होती. तो थट्टा करत नव्हता.

तिला हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्याने. रेजीन गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. हसता हसता तिला ठसका लागला, आणि मेल्विनने पुन्हा पाणी ओतलं.

“मेला,” ती म्हणाली, “अगदीच काही वाईट नाही हा, फादर.”

“पुष्कळ शिकवलंय मी त्याला,” फादर इनास बशी चाटूनपुसून साफ करत म्हणाले.

“ते दिसतंय. पाव तोडायचा राहिला शिकवायचा.”

निघताना ती दारापर्यंत आली. लंगडत, भिंतीला हात लावत. उंबऱ्याशी येऊन तिने मेल्विनचा झगा ओढला, बाहीवरचा डाग बघितला.

“गार पाण्यात भिजव हा, नाहीतर वास येईल. आणि उद्या ये भांडं न्यायला.”

“येतो.”

“शिळा पाव घेऊन ये. उद्या साखर मी घालून बघते.”

“चुकली तर?”

“तू ओरड.”

दोघे वाटेला लागले. ऊन कलत होतं, केळींच्या पानांतून तिरपं येत होतं. मेल्विनचे हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने एक हात फादर इनासच्या कोपराखाली घातला. म्हाताऱ्याने तो तिथे राहू दिला.

वळणाजवळ मेल्विन थांबला. चेहरा पडला होता त्याचा.

“फादर…”

“हं?”

“आपण इतका वेळ बसलो तिथे. एक प्रार्थनासुद्धा म्हटली नाही.”

“नाही म्हटली.”

“देवाचं नावसुद्धा निघालं नाही आपल्या तोंडून. धर्मगुरू आहोत आपण!”

फादर इनासनी मागे वळून पाहिलं. कातरीनच्या स्वयंपाकघराची खिडकी इथून दिसत होती, उघडी.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल… आत बसलाय तो. खाऊ दे त्याला.”